पाच वॉटवर कुणी ऐकत नाही. अ‍ॅम्प्लिफायर घेऊ का?

पत्र: "गेल्या वर्षी हॅम रेडिओचा (हौशी बिनतारी संपर्काचा) परवाना मिळाला आणि हौसेने पाच वॉटचा छोटा ट्रान्सीव्हर (पाठवणारा आणि ऐकणारा रेडिओ) घेतला. बाल्कनीच्या कठड्याला क्लॅम्पने बसवलेली दीड मीटरची टेलिस्कोपिक अँटेना आहे. कामावरून आल्यावर रात्री दहाच्या सुमारास १४ मेगाहर्ट्झवर माइक घेऊन बसतो आणि घसा बसेपर्यंत सीक्यू, म्हणजे 'कुणी आहे का?' अशी हाक, देतो. उत्तर नाही. एक-दोनदा कुणीतरी 'सिग्नल फार क्षीण आहे, पुन्हा सांगा' म्हणालं, आणि मग तेही हरवलं. क्लबातले एक ज्येष्ठ म्हणतात, क्यूआरपीत, म्हणजे कमी शक्तीवर, वेळ वाया घालवू नकोस, ५० वॉटचा अ‍ॅम्प्लिफायर घे. घेऊ का? की हा छंद माझ्यासारख्याचा नाहीच? आणि बोलताना आपण पाच वॉटवर आहोत हे सांगावं की लपवावं? – एक क्षीण सिग्नल"

प्रिय क्षीण सिग्नल,

अ‍ॅम्प्लिफायर घेऊ नका. निदान एवढ्यात तरी नको. जास्त वॉटवर काम सोपं होतं हे तुमच्या ज्येष्ठांचं म्हणणं खरंच आहे, त्यावर वाद नाही. पण तुमचं घोडं वॉटपाशी अडलेलं नाही. कठड्यावरची आखूड अँटेना, रात्री दहाची वेळ, माइक आणि सतत स्वतःच सीक्यू देणं, या चारांपैकी एकेक गोष्ट शंभर वॉटवाल्यालाही जड गेली असती. तुम्ही चारही एकदम अंगावर घेतल्या आहेत, त्याही पाच वॉटवर.

आधी हिशेब मांडू, कारण पाच आणि शंभर हे आकडे शेजारी ठेवले की उगाच धडकी भरते. शंभर म्हणजे पाचाच्या वीसपट, डेसिबलमध्ये १३. एस-मीटरवरचं (सिग्नलचा जोर दाखवणाऱ्या मापकावरचं) एक घर ६ डेसिबलचं धरतात. म्हणजे शंभर वॉटवर ज्याच्याकडे तुम्ही एस-९ ने पोचला असता, त्याच्याकडे पाच वॉटवर एस-७ च्या किंचित खाली पोचता. एस-७ हा आरामात ऐकू येणारा सिग्नल आहे. फरक जाणवतो तो काठावर. शंभर वॉटवरही जिथे जेमतेम एस-४ मिळाला असता आणि समोरच्याकडे गोंगाटच एस-३ चा आहे, तिथे तुम्ही पार बुडता. काठावरची स्टेशनं सोडून द्यायची तयारी ठेवा. उरतात तीही आयुष्यभर पुरतील इतकी आहेत.

हे माझ्या शब्दावर मानू नका, कानांनी ऐका. रिसीव्हर मोर्सच्या (टिंब-रेघांच्या सांकेतिक लिपीच्या) मोडवर ठेवून १४.१०० मेगाहर्ट्झ लावा. जगभर विखुरलेल्या १८ बीकनची (आपोआप सिग्नल पाठवणाऱ्या स्टेशनांची) एक साखळी या एकाच फ्रिक्वेन्सीवर पाळीपाळीने बोलते. प्रत्येकाला दहा सेकंद, तीन मिनिटांत सगळा फेरा पूर्ण. बीकन आधी आपला कॉलसाइन (स्टेशनचं ओळखनाव) देतो आणि मग एकेक सेकंदाच्या चार लांब रेघा. कॉलसाइन आणि पहिली रेघ १०० वॉटवर, दुसरी १० वॉटवर, तिसरी १ वॉटवर, चौथी ०.१ वॉटवर. हेडफोन लावून, डोळे मिटून ऐका. पहिली ठणठणीत येते. दुसरी जरा मागे सरकलेली. तिसरीच्या अंगावर गोंगाट चढलेला असतो, पण ती असते. आणि ती संपली हे आधी कळतं, ती होती हे मागाहून. चौथीच्या जागी बहुतेकदा नुसती सळसळ. पण एखाद्या सकाळी बँड (फ्रिक्वेन्सींचा पट्टा) असा उघडतो की चौथीही येते. एक दशांश वॉट, हजारो किलोमीटरवरून, स्पष्ट. तुमचे पाच वॉट दुसऱ्या आणि तिसऱ्या रेघेच्या मधे बसतात. तिसरी ऐकू आली, तर तो रस्ता त्या घटकेला तुमच्यासाठी खुला आहे असं समजा.

हेच बीकन १८.११०, २१.१५०, २४.९३० आणि २८.२०० मेगाहर्ट्झवरही फिरतात. बसल्याबसल्या पंधरा मिनिटांत कोणता बँड कुठल्या दिशेला उघडा आहे याचा अंदाज येतो. सीक्यूचा सपाटा लावण्याआधी रोज ही पंधरा मिनिटं द्या.

आता अँटेना. दीड मीटरची काठी १४ मेगाहर्ट्झवर फार आखूड पडते. ती चालावी म्हणून तळाशी कॉइल लागते, आणि त्या कॉइलमध्ये व कठड्याच्या कच्च्या ग्राउंडमध्ये निम्म्याहून जास्त शक्ती उष्णता होऊन जाणं अगदी सहज घडतं. पाचातले दोन वॉटही बाहेर पडत नसतील तर दोष पाचाचा नव्हे. त्या जागी पूर्ण लांबीची तार हवी. अर्ध्या तरंगलांबीची तार मीटरमध्ये काढायची तर १४३ ला मेगाहर्ट्झने भागायचं. १४.०६ साठी १०.१७ मीटर येतात. थोडी जास्तच कापा आणि एसडब्ल्यूआर (अँटेनेकडून परत फिरणाऱ्या शक्तीचं माप) बघत बघत छाटा. आखूड झालेली तार वाढवणं कटकटीचं. मधून तोडून डायपोल करता आला तर उत्तम, दोन्ही बाजूंना पाच-पाच मीटर आणि वर थोडी. बाल्कनीतून ते जमत नसेल तर एका टोकाने फीड होणारी तार घ्या. तिच्या टोकाशी इम्पिडन्स (प्रवाहाला होणारा अडथळा) काही हजार ओहम असतो, म्हणून तो रेडिओशी जुळवायला ४९:१ चा ट्रान्सफॉर्मर लागतो. फेराइटच्या कड्यावर तो घरीच गुंडाळता येतो. एक टोक तुमच्याकडे, दुसरं नायलॉनच्या दोरीने समोरच्या झाडाला. बारीक इन्सुलेटेड तार चालते, आणि पाच वॉटला ती जळण्याची भीती नाही. विजेच्या तारांच्या आसपासही ती जाता कामा नये, आणि ढग गडगडायला लागले की ती रेडिओपासून सोडवून ठेवायची. यात कंटाळा करायचा नाही.

कोअ‍ॅक्सची (रेडिओ ते अँटेना जोडणाऱ्या केबलची) मात्र फार काळजी नको. दहा-पंधरा मीटर आरजी-५८ मध्ये १४ मेगाहर्ट्झवर एक डेसिबलही जात नाही. महागड्या केबलचे पैसे वाचवून ती तार आणखी दोन मीटर उंच कशी जाईल ते बघा.

अ‍ॅम्प्लिफायरपेक्षा अँटेनेवर माझा जीव का, तर अ‍ॅम्प्लिफायर फक्त पाठवायला मदत करतो. अँटेना ऐकायलाही करते. ज्याला तुम्ही ऐकूच शकत नाही त्याच्याशी बोलणार कसं? आणि ऐकण्याचा विषय निघालाच आहे तर घरातला गोंगाटही तपासा. रेडिओ बॅटरीवर चालवा आणि घराचा मेन स्विच बंद करा. एस-मीटर दोन-तीन घरं खाली आला तर चोर घरातच आहे. मग एकेक सर्किट चालू करत जा. बहुतेकदा एखादा मोबाइल चार्जर, एलईडी दिवा नाहीतर लॅपटॉपचा अडॅप्टर सापडतो. त्याची वायर फेराइटच्या कड्यातून एकदाच ओवून भागत नाही, पाच-सात वेढे द्यावे लागतात, कारण अडथळा साधारण वेढ्यांच्या वर्गाच्या पटीत वाढतो. गोंगाट दोन घरं उतरला की तुमच्यापुरतं जग पुन्हा दोन घरं जवळ आलं.

आता माइक. इथे मी जरा आग्रहाने लिहिणार आहे. मोर्स शिका.

आवाजाचा एसएसबी (माइकवर वापरतात त्या पद्धतीचा) सिग्नल सुमारे २.४ किलोहर्ट्झ जागा व्यापतो. मोर्स २५० हर्ट्झच्या फिल्टरमधून आरामात ऐकता येतो. त्यामुळे समोरच्याच्या कानात शिरणारा गोंगाट दहा भागांतून एका भागावर येतो, म्हणजे कागदावर जवळजवळ १० डेसिबलचा फायदा. शिवाय बोलताना आवाज चढ-उतार करतो, त्यामुळे सरासरी शक्ती पाच वॉटच्या बरीच खाली राहते. मोर्सची प्रत्येक रेघ मात्र पुऱ्या पाच वॉटची असते. आणि पाचाचे पन्नास वॉट करणारा तो अ‍ॅम्प्लिफायर किती देणार होता? तेवढेच १० डेसिबल. ते तुम्हाला कानाच्या जोरावर मिळू शकतात, वर आठ-दहा अँपिअर ओढणारा वीजपुरवठाही लागत नाही. जगभर क्यूआरपीची मर्यादा मोर्सवर ५ वॉट आणि माइकवर १० वॉट धरतात, ती याच जाणिवेतून.

शिकताना टिंब-रेघांचा तक्ता भिंतीवर लावू नका. डोळ्यांनी शिकलेला मोर्स कानाला उपयोगी पडत नाही. प्रत्येक अक्षराला मनात तक्ता शोधावा लागतो आणि तोवर पुढची दोन अक्षरं निघून जातात. लुडविग कॉख या जर्मन मानसशास्त्रज्ञाने १९३० च्या दशकात जी पद्धत मांडली तीच आजही चांगली. अक्षरं सुरुवातीपासून पूर्ण वेगाने, मिनिटाला वीस शब्दांच्या चालीने ऐकायची, पण आधी दोनच. ती शंभरात नव्वद वेळा बरोबर ओळखता आली की तिसरं घ्यायचं. रोज पंधरा-वीस मिनिटं पुरतात, पण रोज. काही महिन्यांनी कधीतरी लक्षात येतं की आपण टिंब-रेघा मोजतच नाही आहोत, अक्षरंच ऐकू येतायत. तो दिवस फार आनंदाचा असतो.

वेळेचं थोडक्यात. १४ मेगाहर्ट्झ हा मुख्यतः उजेडाचा बँड. रात्री दहाला तो कित्येकदा झोपलेला असतो, आणि रिकाम्या बँडवर सीक्यू कितीही दिला तरी काय उपयोग? तीच तुमची मोकळी वेळ असेल तर ७ मेगाहर्ट्झवर या, ७.०३० च्या आसपास क्यूआरपीवाले भेटतात. तार मात्र वीस मीटरची लागेल. पहाटे आणि सांजवेळी, उजेड-अंधाराच्या सीमेवर, हा बँड काही मिनिटांसाठी विलक्षण लांब पोचतो. सुट्टीच्या दिवशी दुपारी २१ आणि २८ मेगाहर्ट्झ ऐकाच. आयनोस्फिअरचा (सिग्नल परतवणाऱ्या वरच्या वातावरणाचा) खालचा डी-थर दिवसा सिग्नल शोषून घेतो, आणि फ्रिक्वेन्सी वाढते तसं हे शोषण झपाट्याने कमी होतं. म्हणून कमी शक्तीवाल्याने उघड्या बँडांपैकी सगळ्यांत वरचा निवडावा. डिसेंबर २०१९ मध्ये सुरू झालेलं सूर्याचं पंचविसावं चक्र २०२४ च्या सुमारास शिखरावर होतं. अशा वर्षांत आणि त्यानंतरही काही काळ वरचे बँड चांगली साथ देतात. २८ मेगाहर्ट्झला अर्ध्या तरंगलांबीची तार फक्त पाच मीटर लागते, बऱ्याच बाल्कन्यांत मावेल एवढी.

आणि सीक्यू. तो देणं थांबवा, दुसऱ्याच्या सीक्यूला उत्तर द्या. जो सीक्यू देतोय त्याने मोकळी जागा शोधलेली असते, हेडफोन लावलेला असतो आणि त्याला कुणीतरी हवं असतं. तुमचं निम्मं काम त्याने केलेलं आहे. त्यातही जोरात ऐकू येणारे निवडा. रस्ता दोन्ही दिशांना बहुतेक सारखाच असतो. तो शंभर वॉटवर तुमच्याकडे एस-९ असेल तर तुम्ही त्याच्याकडे एस-७ च्या आसपास असणार. किलोवॉटवाला असेल तर फरक २३ डेसिबल, म्हणजे जवळपास चार घरं; तरीही एस-५ उरतो. मोर्सवर त्याच्या अगदी फ्रिक्वेन्सीवर या, कारण त्याचा फिल्टर अरुंद असेल तर दोनशे हर्ट्झ बाजूला तुम्ही अस्तित्वातच नाही. कॉलसाइन एकदा द्या, स्वच्छ, घाई न करता. मग थांबा.

कधीकधी उत्तरात तुमच्या कॉलसाइनची शेवटची दोनच अक्षरं येतात आणि पुढे प्रश्नचिन्ह. त्या क्षणी छाती धडधडते आणि माणूस नाव, गाव, हवामान सगळं एका दमात सांगायला बघतो. तसं करू नका. त्याला फक्त उरलेली अक्षरं हवी आहेत. पूर्ण कॉलसाइन दोनदा द्या, दुसरं काही नको. सिग्नल लाटांसारखा वर-खाली होत असेल तर त्याचा आवाज चढायला लागला की द्या. तेव्हा तुमचाही चढत असतो. एखाद्या दुर्मिळ स्टेशनभोवती पाइलअप (कॉल करणाऱ्यांची झुंबड) जमला असेल तर लगेच उडी मारू नका. ते पाच-सहा जणांना कसं उत्तर देतं, कॉल करणाऱ्यांत वर सरकतं की खाली, कुठल्या जागेवर ऐकतं, हे आधी टिपा. जास्त शक्तीची मोठी स्टेशनं दिवस-दोन दिवसांत पांगतात. नंतर जा. हीच गोष्ट कॉन्टेस्टची. ऑक्टोबरच्या शेवटच्या शनिवार-रविवारी होणाऱ्या सीक्यू वर्ल्डवाइड कॉन्टेस्टमध्ये माइकवर पाच वॉटवाल्यांसाठी वेगळा गट असतो. रविवारच्या शेवटच्या काही तासांत मोठमोठ्या स्टेशनांना नवीन कुणी मिळेनासं होतं, आणि ते खरोखर कान टवकारून क्षीण सिग्नल शोधत असतात. तुमच्या माइकलाही तिथे न्याय मिळेल.

एवढं करून एखाद्या संध्याकाळी कुणी भेटलं नाही, तरी सिग्नल कुठे पोचला ते पाहता येतं. मोर्सवर दोन-तीनदा सीक्यू द्या आणि रिव्हर्स बीकन नेटवर्कवर (ऐकू आलेले कॉलसाइन आपोआप नोंदवणाऱ्या रिसीव्हरांच्या वेबसाइटवर) आपला कॉलसाइन शोधा. कुठल्या देशातल्या रिसीव्हरने तुम्हाला किती डेसिबलवर टिपलं ते मिनिटभरात दिसतं. नवी तार जुन्या काठीपेक्षा किती चांगली, याचा निकाल असाच लावावा. खगोलशास्त्रासाठी १९९३ चं भौतिकशास्त्राचं नोबेल मिळालेल्या जो टेलर यांनी २००८ मध्ये विस्पर ही पद्धत आणली. तिच्यात सुमारे दोन मिनिटांचा एकच संदेश जातो आणि २०० मिलिवॉटही हजारो किलोमीटरवर नोंदले जातात. २०१७ मध्ये आलेली एफटी-८ ही संगणकावरची पद्धतही पाच वॉटला मनापासून साथ देते, आणि ज्यांच्या घराभोवती फार गोंगाट आहे त्यांना तिने छंदात टिकवून ठेवलंय. वापरायला हरकत नाही. पण पत्रातल्या तुमच्या घशाच्या उल्लेखावरून वाटतं, तुम्हाला पडद्यावरच्या ओळींपेक्षा माणूस भेटायला हवाय. म्हणून मोर्सवर एवढा जोर.

एक दिवस सगळं सामान पाठीला लावून इमारतींपासून दूर, टेकडीवर किंवा माळावर जा. सहा अँपिअर-अवरची लिथियम आयर्न फॉस्फेट बॅटरी पाच वॉटला सकाळभर पुरून उरते. इथे छोट्या रेडिओचं चीज होतं. शंभर वॉटचं धूड आणि त्याची बॅटरी घेऊन कोण चढणार? झाडावर तार फेकून पहिल्यांदा बँड ऐकलात की घरच्या गोंगाटाची सवय किती लागली होती ते कळेल. उंच जागांवरून स्टेशन चालवण्याचा 'समिट्स ऑन द एअर' हा उपक्रम २००२ पासून चालू आहे. त्यात टेकडीवरच्या माणसाला ऐकायला घरी बसलेले लोक स्वतःहून आतुर असतात. आयुष्यात एकदाच सगळे तुमचा सिग्नल शोधतायत, हा अनुभव घ्या.

पुढे हात शिवशिवायला लागले तर सोल्डरिंगकडेही वळा. हैदराबादच्या अशहर फरहान यांचा बिटएक्स हा ट्रान्सीव्हर सहज मिळणाऱ्या सुट्या भागांतून घरी बांधण्यासाठीच रचलेला आहे, आणि जगभर हजारो जणांनी तो बांधलाय. पण ते नंतर. आधी तार.

मर्यादाही सांगतो. पाच वॉटवर माइकने अर्धा तास निवांत गप्पा, तेही लांबच्या देशाशी, क्वचितच जमतात. मधेच सिग्नल विरतो आणि समोरच्याला कान ताणावे लागतात. तो धडपडतोय असं दिसलं की रिपोर्ट (सिग्नल कसा येतोय त्याचे आकडे) द्या-घ्या, ७३ (निरोपाच्या शुभेच्छा) म्हणा आणि त्याला मोकळं करा. ३३९ असा क्षीण सिग्नलचा रिपोर्ट मिळाला तर वाईट वाटून घेऊ नका. ज्याने तो दिला त्याने तुम्हाला नीट ऐकून, प्रामाणिकपणे दिलाय. आणि आपत्तीच्या काळात निरोप पोचवण्याची जबाबदारी क्लबने तुमच्यावर टाकली, तर तिथे शक्ती राखीव असायला हवी. त्या कामासाठी जास्त वॉटचा रेडिओ घ्यावासा वाटला तर खुशाल घ्या.

राहिला शेवटचा प्रश्न, सांगायचं की लपवायचं. कॉल करताना सांगू नका. कॉलसाइनमागे 'क्यूआरपी' जोडणारे लोक असतात, पण आधीच क्षीण असलेल्या सिग्नलवर चार अक्षरं वाढवून समोरच्याचा गोंधळच होतो, आणि काही देशांच्या परवान्यांत असं काही जोडायला परवानगीही नसते. संपर्क झाला, रिपोर्ट दोन्हीकडून पोचला, की मग जरूर सांगा: पाच वॉट, अमुक इतक्या उंचीवर दहा मीटरची तार. उंची विसरू नका, पुढचा प्रश्न हमखास तोच येतो.